सोळाशे गोळे आणि एक : चेस्टर, व्हर्जिनिया येथील प्रकरण

१८ फेब्रुवारी २००८. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात, रिचमंडच्या दक्षिणेला असलेल्या चेस्टर गावात, एका घरासमोर गाडी लावायच्या जागेत १८ तोफगोळे ओळीने मांडून ठेवले होते. घरमालक ५३ वर्षांचा. त्यातला एक गोळा घेऊन तो कामाला बसला होता. तो गोळा फुटला आणि माणूस तिथेच गेला. लोखंडाचा एक तुकडा पाव मैल, म्हणजे जवळजवळ ४०० मीटर उडाला आणि दुसऱ्याच कुणाच्या घराच्या पडवीतून आरपार गेला.

गोळा होता १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धातला, म्हणजे उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची राज्यं आपसात लढली त्या युद्धातला. ज्या कामासाठी तो ओतला आणि भरला होता ते काम त्याने १४० हून जास्त वर्षांनी केलं, तेही एका संग्राहकाच्या दारात.

घरच्या घरी तोफेचा दारूगोळा हाताळणाऱ्या हौशी लोकांबद्दल मी बरंच वाचत असतो. अमेरिकेत हा छंद आहे, कायदेशीर आहे आणि त्यात पडलेले लोक बहुतेक वेळा आपल्या वास्तू-विशारदांइतके काटेकोर असतात. त्या सगळ्या वाचनात हे एक प्रकरण मला पुन्हा पुन्हा आठवतं. कारण इथे मेलेला माणूस नवशिका नव्हता. असं काही झालं की "माहिती नसताना कशाला हात लावायचा" असं आपण पटकन म्हणतो. इथे ते म्हणता येत नाही.

माणूस

त्याचं नाव इथे देत नाही, त्याची गरजही नाही. त्या भागात वाढलेल्या कितीतरी मुलांसारखाच तो लहानपणी गंजलेल्या गोळ्या आणि शिपायांच्या कोटाची बटणं उकरून काढायचा. चेस्टरच्या आसपासची जमीनच तशी आहे. १८६४ च्या मे महिन्यात बर्म्युडा हंड्रेडची मोहीम इथे झाली. थोडं दक्षिणेला पीटर्सबर्ग, जिथला वेढा २९२ दिवस चालला. पूर्वेला जेम्स नदी. तिच्या पात्रात आणि काठांवर उत्तरेच्या युद्धनौकांनी आणि दक्षिणेच्या तोफखान्यांनी एकमेकांवर वर्षानुवर्षं गोळे टाकले. दोन्ही बाजूंनी मिळून सगळ्या युद्धात सुमारे १५ लाख गोळे उडवले असावेत आणि त्यातला पाचातला एक फुटलाच नसावा, असा या विषयातल्या एका जाणकाराचा अंदाज तेव्हाच्या बातम्यांमध्ये आला होता. पाचातला एक म्हणजे ३ लाख. त्यातले किती सापडले, किती अजून त्या तांबड्या चिकणमातीत आहेत, कोण मोजणार!

मोठेपणी हा माणूस पाणबुड्याचा पोशाख घालून नदीच्या काळ्या गाळात हाताने चाचपून वस्तू काढायचा. गोळे काढणं, ते निकामी करणं, गंज घासून संग्राहकांना आणि संग्रहालयांना देणं यात त्याचा हात बसला होता. आपण आजवर सुमारे १६०० गोळे हाताळले, असा त्याचा स्वतःचा हिशेब होता. काम चालू असताना बायको आणि मुलगा कधीकधी तिथेच, त्या जागेत उभे असत. हा तपशील मला सगळ्यात जास्त बोलका वाटतो. जो माणूस आपल्या कामाला घाबरतो तो घरच्यांना आत पाठवतो.

गोळा

इथे थोडं थांबून गोळ्याकडे बघू, कारण प्रकरणाची किल्ली तिथे आहे.

आपल्या जुन्या मराठीत तोफगोळ्यांचे दोन प्रकार सरळ वेगळे केलेले आहेत. भरीव गोळा म्हणजे नुसतं लोखंड, जे आपल्या वजनाने आणि वेगाने भिंत फोडतं. कुलपी गोळा म्हणजे आतून पोकळ, दारूने भरलेला, बत्तीचं भोक असलेला आणि ठरल्या वेळी फुटणारा. "कुलपी" हा शब्द मला फार आवडतो. आत काहीतरी कोंडलेलं आहे आणि बाहेरून फक्त कुलूप दिसतं, हे त्या एका शब्दात आलं.

त्या दिवशी फुटलेला गोळा कुलपी होता, आणि तोही साधासुधा नव्हे. जाणकारांच्या मते तो आरमाराचा ९ इंची, सुमारे ७५ पौंडी गोळा असावा. ७५ पौंड म्हणजे ३४ किलो. घरातला भरलेला गॅस सिलिंडर साधारण ३० किलोच्या आतबाहेर असतो. त्याहून जड वस्तू, पण आकाराने स्टीलच्या छोट्या कळशीएवढी. असे गोळे जॉन डॅलग्रेन या आरमारी अधिकाऱ्याने घडवलेल्या बाटलीच्या आकाराच्या तोफांतून उडत. १८६२ च्या मे महिन्यात जेम्स नदीवरच्या ड्रूरीज ब्लफवर हल्ला करणाऱ्या 'गॅलेना' या नौकेवर अशाच ९ इंची तोफा होत्या. चेस्टरपासून ती जागा फार लांब नाही.

जमिनीवरच्या सैन्याची नेहमीची तोफ १२ पौंडी, म्हणजे १२ पौंडांचा भरीव गोळा फेकणारी. तिच्या कुलपी गोळ्यात फोडण्यासाठीची दारू अर्ध्या पौंडाच्या आसपास असे. ९ इंची आरमारी गोळ्यात ती ३ पौंडांच्या घरात. म्हणजे सहापट. त्याभोवतीचं लोखंडही कितीतरी जास्त, म्हणून उडणारे तुकडेही मोठे. ४०० मीटरवरच्या पडवीचं कोडं इथे सुटतं.

पण आकारापेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. आरमाराचे गोलंदाज पुष्कळदा थेट जहाजावर नेम न धरता गोळा पाण्यावर टप्पे खात जाईल असा मारत. तळ्यात चपटा दगड भिरकावून आपण टप्पे मोजतो तसंच, फक्त ताशी ६०० मैलांच्या वेगाने. उद्देश हा की गोळा शत्रूच्या जहाजाला नेमका पाण्याच्या रेषेवर लागावा. आता जो गोळा पाण्यात तीन-चार बुड्या मारून जाणार, त्याची पेटलेली बत्ती विझता कामा नये आणि आतली दारू भिजता कामा नये. म्हणून आरमाराने आपली बत्ती वेगळी केली. पितळी नळी आट्यांनी घट्ट बसवायची. तिच्या टोपणात आगीची वाट सरळ न ठेवता नागमोडी ठेवायची, म्हणजे पाण्याचा शिंतोडा आत पोहोचत नाही. वर शिशाचा पातळ पत्रा, जो तोफेत घालण्याआधीच काढायचा. आणि नळीच्या तळाशी सुरक्षेसाठी शिशाचं बूच. तोफेच्या धक्क्याने ते सुटून आत पडलं तरच आग दारूपर्यंत पोहोचणार.

फार हुशारीने केलेली वस्तू आहे ही. पायदळाबरोबरच्या तोफखान्याच्या गोळ्यात पुष्कळदा लाकडी किंवा साध्या धातूची खुंटी आणि कागदी बत्ती असे. ती कुजते, पाणी आत शिरतं, सोरा विरघळून वाहून जातो आणि उरतो काळा चिखल. आरमाराचा गोळा मात्र पाण्यासाठीच बनवलेला. तो दीडशे वर्षं गाळात राहूनही आतून कोरडा असू शकतो. आणि काळी दारू कोरडी राहिली तर म्हातारी होत नाही. ती सोरा, कोळसा आणि गंधक यांचं नुसतं मिश्रण आहे. आधुनिक धूररहित दारूसारखं काळाच्या ओघात तिचं रासायनिक विघटन होत नाही. १८६४ साली भरलेली कोरडी दारू २००८ साली दारूच असते.

काय झालं असावं

त्याच्या पत्नीचं म्हणणं असं, की तो गोळा त्याने आधीच निकामी केला होता आणि आता फक्त साफ करत होता. गोळ्यातच काही दोष असावा, अशी तिची खात्री आहे. यादवी युद्धाच्या दारूगोळ्यावर आयुष्य घालवलेल्या दोघा जाणकारांचा अंदाज वेगळा. ड्रिलने किंवा ड्रिलला लावलेल्या ग्राइंडरने तो वरची खपली काढत होता, त्यातून ठिणग्यांचा फवारा उडाला आणि त्यातली एक आत गेली. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. या बत्तीच्या रचनेमुळे गोळ्यातली दारू आधीच काढलेली आहे असं वाटू शकतं, मुरलेल्या माणसालाही.

वर्तमानपत्रांनी ही दोन मतं आमनेसामने मांडली. मला ती एकमेकांविरुद्ध वाटत नाहीत. "आधीच निकामी केला होता" हे पत्नीचं वाक्य आणि "निकामी झाल्यासारखा दिसला" हे जाणकारांचं वाक्य एकाच प्रसंगाचं वर्णन असू शकतं, एक आतून पाहिलेलं आणि एक बाहेरून. ज्याच्या हातात गोळा होता त्याच्या दृष्टीने तो रिकामा होता. तो निष्काळजी नव्हता. त्याच्या मते जो धोक्याचा भाग होता तो संपला होता आणि उरली होती ती घासपूस. आपण गॅस बंद करून मग ओटा पुसतो, त्यातला प्रकार. फक्त गॅस बंद नव्हता.

काळी दारू पेटायला सुमारे ३०० अंश सेल्सियस तापमान लागतं. ऐकायला हे पुष्कळ वाटतं आणि गोळे गोळा करणाऱ्यांमध्ये त्याचा दिलासा फार असतो. हे गोळे जमिनीवर आपटले तरी काही होत नाही, ते आपोआप फुटत नाहीत, असं ते सांगतात. ते बहुतांशी खरंही आहे. सापडलेले गोळे गाडीच्या डिकीत घालून खडबडीत रस्त्यांवरून आणणाऱ्यांचे हात-पाय शाबूत आहेत. पण ग्राइंडरखाली लोखंडाची जी ठिणगी उडते ती ३०० अंशांच्या कितीतरी वर असते. लोहाराच्या किंवा फॅब्रिकेशनच्या दुकानासमोर उभं राहून पाहिलंय ना आपण? पांढरट-पिवळा रंग असतो तिचा. हजाराच्या खाली तो रंग येत नाही.

म्हणजे १४० वर्षं गाळ, गंज, नांगर आणि फावडी या सगळ्यांना पुरून उरलेली वस्तू, ती ज्या एकाच गोष्टीला बधते, नेमकी तीच विजेवर चालणाऱ्या अवजाराने तिच्यापाशी आणली. १८६५ च्या माणसाकडे ग्राइंडर नव्हता.

सोळाशेचं गणित

१६०० गोळ्यांत एकही अपघात नाही, हा आकडा स्वतःला आणि इतरांना धीर द्यायला पुरेसा वाटतो. तो तपासून बघण्यासारखा आहे. संख्याशास्त्रात एक साधा ठोकताळा आहे. एखादी गोष्ट इतक्या प्रयत्नांत एकदाही घडली नसेल तर ३ ला त्या प्रयत्नांच्या संख्येने भागायचं. येणारा आकडा ही धोक्याची वरची मर्यादा, ९५ टक्के खात्रीने. ३ भागिले १६०० म्हणजे साधारण ५३३ मध्ये एक. म्हणजे १६०० यशस्वी कामांतून एवढंच सिद्ध होतं, की दर गोळ्यामागे मरण्याची शक्यता बहुधा ५३३ त एकाहून कमी आहे. त्या वरच्या मर्यादेने धरलं तर अंगणात १८ गोळे मांडलेल्या दिवशी धोका ३ टक्क्यांच्या वर जातो. शंभरातल्या तीन वेळा घरी परत येणार नाही, हे माहीत असेल तर आपण दूध आणायलाही बाहेर पडणार नाही.

आणि हेही तेव्हा, जेव्हा ते १६०० एकाच जातीचे असतील. ते तसे नव्हते, नसणारच. जमिनीत सापडणारे बहुतेक गोळे सैन्याच्या तोफखान्याचे असतात, कारण तेच सगळ्यात जास्त उडाले. म्हणजे हाताला सवय झाली होती छोट्या, कुजक्या बत्तीच्या, बहुधा ओल्या दारूच्या गोळ्यांची. ९ इंची आरमारी गोळा त्या सवयीच्या बाहेरचा. १६०० चा अनुभव इथे खरं तर फार थोड्या गोळ्यांचा अनुभव होता, पण डोक्यात आकडा १६०० च राहतो. सापांशी खेळणाऱ्या आपल्याकडच्या काही सर्पमित्रांचंही असंच होतं. धामण, दिवड, तस्कर पकडून पकडून संख्या फुगते, आणि मग एक दिवस पोत्यात घोणस असते.

स्वतः भरणारे

या प्रकरणाशेजारी ठेवून पाहावं असं दुसरं जग आहे, ते घरी तोफेची काडतुसं पुन्हा भरणाऱ्यांचं. वरवर पाहता ते याहून भयंकर वाटतं. घराच्या तळघरात २० मिलीमीटरच्या तोफेचं काडतूस भरत बसलेला निवृत्त गृहस्थ म्हटलं की आपल्या अंगावर काटा येतो.

हा छंद आला कुठून, तर दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातल्या सैन्यांनी विकून टाकलेल्या रणगाडाविरोधी बंदुका अमेरिकेत टपालाने मागवता येत. फिनलंडची 'लाहटी' त्यातली प्रसिद्ध. वजन सुमारे ५० किलो, २० मिलीमीटर व्यासाची, फिनिश सैनिक तिला हत्तीची बंदूक म्हणत. मग १९६५ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज शहरात चोरट्यांनी अशी लाहटी वापरून एका रोकड वाहतूक कंपनीची तिजोरीची भिंत फोडली आणि ४ लाख डॉलरहून जास्त रक्कम नेली. १९६८ च्या कायद्याने अर्ध्या इंचाहून मोठ्या नळीची बहुतेक शस्त्रं "विध्वंसक साधन" या वर्गात टाकली. नोंदणी आणि प्रत्येकी २०० डॉलर कर. पाव औंसाहून जास्त स्फोटक असलेला प्रत्येक गोळा हे स्वतंत्र विध्वंसक साधन, म्हणजे एकेका गोळ्याला वेगळी नोंदणी आणि वेगळे २०० डॉलर! साहजिकच आज हे हौशी लोक फुटणारा गोळा भरतच नाहीत. लेथवर काढलेला भरीव पोलादी किंवा पितळी गोळा, जुनी पितळी पुंगळी, म्हणजे काडतुसाचं रिकामं नळकांडं, आणि मागे दारू. कारखान्यातली काडतुसं संपत आली, जी आहेत ती सोन्याच्या भावाने, म्हणून पुंगळी फेकून द्यायची नाही, उचलून घरी आणायची. मैदानावर एक बार उडवला की पाच माणसं गवतात पुंगळी शोधत फिरतात, हे दृश्य त्या छंदात नेहमीचं.

दुसरी शाखा जुन्या तोंडाकडून ठासायच्या तोफांची. १९५० साली सुरू झालेली नॉर्थ-साउथ स्कर्मिश असोसिएशन ही संस्था व्हर्जिनियातच विंचेस्टरजवळ फोर्ट शेनँडोआ इथे यादवी युद्धातल्या तोफांनी नेमबाजीच्या स्पर्धा घेते. लक्ष्य २०० यार्डांवर. दारू आधीच मोजून अ‍ॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून आणलेली. इथेही गोळे भरीवच.

त्यांची तोफ भरायची पद्धत जवळून बघण्यासारखी आहे. एक बार झाला की तोफेच्या नळीत आधी मळसूत्री आकडा फिरवून जळक्या कागदाचे तुकडे बाहेर काढायचे, मग ओला बोळा, मग पुन्हा पुसायचं. हे चाललेलं असताना एक माणूस अंगठ्यात जाड चामड्याचं अंगुस्तान घालून तोफेचा कान दाबून धरतो. जामगी लावायचं जे छोटं छिद्र, त्याला आपण तोफेचा कान म्हणतो. तो कान उघडा राहिला तर बोळा आत-बाहेर होताना भात्यासारखी हवा खेळते आणि आत कुठे निखारा राहिला असेल तर तो फुलतो. मग पुढची थैली आत ढकलणाऱ्याचे हात जातात. म्हणून कान दाबणाऱ्याने अंगठा उचलायचा नाही, पोळला तरी नाही. जुन्या तोफखान्यात अंगठा उचलणाऱ्याला शेजारचा गोलंदाज दट्ट्याने बडवायला मोकळा असे, असं सांगतात. आपल्या किल्ल्यांवरच्या गोलंदाजांनाही हीच आग, हाच कान आणि हाच धोका होता.

मुद्दा असा, की ही माणसं घातक वस्तू हाताळतात पण आंधळेपणाने नाही. कारण भरलेलं स्वतःचं असतं. किती दारू, कुठल्या डब्यातली, केव्हा मोजली, हे वहीत असतं. चूक झाली तर ती आपली, आणि शोधली तर सापडते. चेस्टरच्या गृहस्थाच्या हातातला गोळा भरणारा माणूस मात्र बहुधा १८६० च्या दशकातला कुणीतरी आरमारी शस्त्रशाळेतला कामगार होता. त्याने काय भरलं, बूच कसं बसवलं, हे विचारायची सोय नव्हती. तोफ मोठी की छोटी, घर की कारखाना, यावर माझ्या मते धोका तितकासा ठरत नाही. भरणारा हात आणि उघडणारा हात एकच आहे का, यावर जास्त ठरतो.

याला पुष्टी देणारी एक घटना २०२१ च्या एप्रिलमधली, केंटकी राज्यातली. तिथे एक जण अर्ध्या इंची बंदुकीतून अनेक वर्षांपूर्वीची दुर्मीळ कवचभेदी काडतुसं उडवत होता, चित्रीकरणासाठी. काडतुसं विकत घेतलेली, कारखान्यातली म्हणून. एका बारात बंदुकीचं मागचं आट्यांचं जाड टोपण निसटून उडालं आणि त्याच्या मानेची शीर कापली गेली. वडील शेजारी होते. त्यांनी जखमेत अंगठा दाबून धरला आणि त्याला गाडीत घालून निघाले, म्हणून तो वाचला. (तोफेच्या कानावरचा अंगठा आठवल्याशिवाय राहत नाही.) ते काडतूस मधल्या काळात कुणीतरी भलत्या दारूने पुन्हा भरलेलं असावं, असा संशय नंतर घेतला गेला. त्या माणसाची बंदूक त्याची, अनुभव त्याचा. काडतूस तेवढं दुसऱ्याच्या हातचं.

नंतर

चेस्टरला स्फोटानंतर आसपासची सुमारे दोन डझन घरं दोन दिवस रिकामी केली गेली. स्फोटकतज्ज्ञांनी त्याच्या संग्रहातल्या वस्तू एकेक उचलून नेल्या आणि उडवून टाकल्या. संग्राहकांच्या वर्तुळात दुःखाबरोबर दुसरी चिंताही होती, की आता सरकार आपल्या मागे लागणार, गोळे ठेवू देणार नाही, जे सापडेल ते बघताच उडवून देणार. ही भीती फोल नव्हती. दोनच वर्षांपूर्वी, २००६ मध्ये, पीटर्सबर्गच्या रणभूमीवर ८ इंची उखळी तोफेचा गोळा सापडला होता. तो शहराच्या कचरा डेपोवर नेऊन फोडण्यात आला.

इतिहासप्रेमी माणसाला याचं वाईट वाटतं आणि ते मला समजतं. न फुटलेला, बत्तीसकट असलेला गोळा म्हणजे त्या काळच्या कारागिरीचा पूर्ण पुरावा. तो फोडला की उरतं भंगार. पण या बाबतीत मी पोलिसांच्या बाजूने आहे. ज्याला आपला गोळा रिकामा करून हवा आहे त्याने ते काम दुसऱ्याच्या अंगणात, दुसऱ्याच्या मुलाला शेजारी उभं ठेवून करून घ्यायचं, ही व्यवस्थाच चुकीची होती. पैसे संग्राहक देत होता, जोखीम अंगण घेत होतं. आणि पाव मैलावरच्या पडवीच्या मालकाला तर कुणी विचारलंही नव्हतं.

एक गोष्ट कुणी फारशी बोलली नाही. त्याने निकामी केलेले ते १६०० गोळे आज कुठे आहेत? काही संग्रहालयांत, बाकीचे दिवाणखान्यांतल्या फळ्यांवर, लाकडी बैठकीवर, खाली पितळी पट्टीवर साल लिहिलेलं. त्यांच्या मालकांपैकी बहुधा कुणीही आत पाहिलेलं नसेल. रिकामा आहे, कारण रिकामा करणाऱ्याने तसं सांगितलं. तो शेवटचा गोळाही त्याच्या हिशेबात रिकामाच होता.

आपल्याकडे

आपल्याकडे घरी काडतूस भरणं हा छंद नाही आणि शस्त्र कायदा व स्फोटकांचे कायदे पाहता होणारही नाही. पण दुसऱ्याने भरलेला जुना दारूगोळा उघडणं हे आपल्याला नवं नाही, फक्त ते हौसेने नव्हे तर पोटासाठी होतं. २० नोव्हेंबर २०१८ ला वर्धा जिल्ह्यात पुलगावजवळ सोनेगाव आबाजीच्या शिवारात कालबाह्य स्फोटकं नष्ट करण्यासाठी उतरवताना स्फोट झाला आणि सहा जण गेले. त्यांत रोजंदारीवर आलेले गावकरी होते. सराव क्षेत्रांच्या आसपास पितळ आणि लोखंड वेचणाऱ्यांच्या बातम्या तर येतच असतात. तिथे ग्राइंडर नसतो, हातोडी असते.

किल्ल्यांवर साफसफाई करणाऱ्या संवर्धन मंडळांना गोळे सापडतात, त्यातले बहुतेक भरीव निघतात. पण कुलपी गोळे आपल्याकडेही होते, मराठ्यांकडे आणि इंग्रजांकडेही, आणि समुद्रातल्या किल्ल्यांवर आरमाराचा मारा झालेला आहे. भोक दिसलं, किंवा भोकात पितळ दिसलं, किंवा गोळा आकाराच्या मानाने हलका लागला, तर त्याची माती झटकायलाही बसू नये. जिथे आहे तिथे ठेवून पोलिसांना कळवायचं. बॉम्बशोधक पथक येतं, आणि ते आलं की गाव गोळा होतं, एवढाच त्रास.

दोन वर्षांपूर्वी कोकणात एका ओळखीच्यांकडे गेलो होतो. मागच्या पडवीच्या दाराला टेकू म्हणून एक लोखंडी गोळा लावलेला. आजोबांच्या वेळेपासून आहे म्हणाले, समोरच्या किल्ल्यावरचा. "आम्ही यावर नारळ फोडतो," काकूंनी हसत सांगितलं. मी खाली बसलो आणि गोळा हळूहळू, बोटांनी चाचपत, पूर्ण फिरवला. वरचा भाग नारळाच्या तेलाने गुळगुळीत झालेला, खालचा गंजाने खरबरीत. दोनदा फिरवला. भोक नव्हतं. मग हात धुऊन चहा घेतला.